शंभर गुणांचा एक एकर : कॉर्न क्लब, काउंटी एजंट आणि खर्चाची वही

१९१० साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, फ्लॉरेन्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), जेरी मूर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेल आणि ३ पेक मका काढला. मक्याच्या दाण्यांचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, साधारण २५.४ किलो. चार पेकांचा एक बुशेल. म्हणजे चाळीस गुंठ्यांत ५८ क्विंटल, तेही संकरित बियाणे बाजारात यायच्या आधी. त्या राज्याची सरासरी तेव्हा एकरी वीस बुशेलच्या आतबाहेर होती. आज संकरित वाण, तणनाशके आणि यंत्रे हाताशी असताना इलिनॉयसारख्या मक्याच्या राज्याची सरासरी दोनशेच्या घरात जाते. मूर कॉर्न क्लबचा, म्हणजे मुलांना एकेक एकर मका लावायला देऊन शेती शिकवणाऱ्या क्लबचा, मुलगा होता. तो रातोरात देशभर गाजला.

मूरला बुशेलमागे ४३ सेंट खर्च आला होता. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, मिसिसिपीच्या बेनी बीसनने २२७ बुशेल काढले ते १४ सेंटांत, आणि अलाबामाच्या ज्युनियस हिलने २१२.५ बुशेल काढले ते अवघ्या ८.६ सेंटांत. दर बुशेलला ७० सेंट धरून गणित करून पाहा. मूरचे उत्पन्न १६० डॉलर, खर्च ९८, हाती ६२. बीसनच्या हाती १२७. हिलच्या हाती १३० डॉलर, म्हणजे सोळा बुशेल कमी पिकवून मूरच्या दुपटीहून जास्त. छापून आला तो मूरचा विक्रम. गावोगाव फिरून शेतीचा सल्ला देणाऱ्या सरकारी माणसाला, म्हणजे काउंटी एजंटला, मात्र शेतकऱ्यासमोर ठेवायला हिलचा हिशेब जास्त कामाचा होता. ग्रामीण मुलांच्या कामात उभी हयात घालवलेल्या एजंटांच्या वाट्याला हाच झगडा पुन्हा पुन्हा आला: बक्षीस एका गोष्टीला मिळते, शिकवायची असते दुसरी.

हे क्लब निघाले कसे, ते थोडक्यात. कपाशीच्या बोंडात अंडी घालणारा सोंडकिडा १८९० च्या दशकात मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला आणि दरवर्षी पूर्वेकडे सरकत राहिला. १९०३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचे सीमन नॅप यांनी टेक्ससच्या टेरेल गावाजवळ पोर्टर यांच्या शेतावर सत्तर एकरांत प्रात्यक्षिक घेतले. शेत शेतकऱ्याचे, कष्ट शेतकऱ्याचे, सल्ला सरकारचा, आणि नुकसान झालेच तर भरून द्यायला गावच्या व्यापाऱ्यांनी जमवलेला निधी. ही रीत चालली. १९०६ मध्ये टेक्ससच्या स्मिथ काउंटीत एका काउंटीपुरता पहिला एजंट नेमला गेला. त्याच वर्षी अलाबामाच्या मेकन काउंटीत टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे टॉमस कॅम्पबेल हे पहिले कृष्णवर्णीय एजंट झाले. आता अडचण वेगळीच आली: बाप ऐकेना. वीस वर्षे एकाच पद्धतीने कापूस लावणाऱ्या माणसाला सरकारी माणसाने नांगरट खोल कर म्हणावे आणि त्याने ती करावी, असे कुठल्याच देशात होत नाही.

मिसिसिपीच्या होम्स काउंटीत शाळांचे अधीक्षक विल्यम स्मिथ यांनी १९०७ मध्ये १२० मुलांना अर्धा-अर्धा एकर मका लावायला लावला. नॅप यांनी हा प्रयोग ताबडतोब आपल्या पंखाखाली घेतला आणि स्मिथ यांना नाममात्र पगारावर खात्याचे सहकारी करून टाकले. टेक्ससच्या जॅक काउंटीतही त्याच सुमारास एजंट टॉम मार्क्स यांनी मुलांचा क्लब काढला. १९०९ मध्ये दक्षिणेतल्या क्लबांत १०,५४३ मुले होती, १९१० मध्ये ४६,२२५. एका वर्षात चौपट. यात नॅप यांच्या बोलण्यापेक्षा मोठा वाटा वॉशिंग्टनच्या सहलीचा होता. १९०९ च्या अखेरीस मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि अर्कान्सॉ या चार राज्यांचे विजेते राजधानीत नेले गेले आणि कृषिमंत्री जेम्स विल्सन यांच्या हस्ते त्यांना प्रशस्तिपत्रे मिळाली. त्यातला मिसिसिपीचा मुलगा होम्स काउंटीच्याच लेक्सिंग्टनचा होता.

नियम आणि त्यातली भोके

मुलगा दहा ते अठरा वर्षांचा हवा. एक एकर त्याचा. आखणी त्याची, काम त्याचे. अगदी लहान असेल तर जड नांगरटीला गडी लावायची मुभा. जमिनीचे माप आणि मक्याचे वजन दोन त्रयस्थ साक्षीदारांनी सही करून द्यायचे. गुण शंभर, त्यांची वाटणी अशी: एकरी उत्पादनाला ३०, नफ्याला ३०, निवडक दहा कणसांच्या नमुन्याला २०, आणि 'मी पीक कसे घेतले' या लेखी वृत्तांताला २०.

नफा काढताना दर ठरलेले होते. जमिनीचे भाडे एकरी ५ डॉलर. मुलाची मजुरी तासाला १० सेंट, घोड्याची वा खेचराची ५ सेंट. दोन घोड्यांच्या गाडीभर शेणखताला २ डॉलर. विकतच्या खताला बाजारभाव. हे दर ठरवणाऱ्याला शेतकऱ्याचे घर माहीत होते, कारण घरचे श्रम आणि घरचे शेणखत फुकट धरायची खोड तिकडेही आपल्याइतकीच जुनी. मुलाने स्वतःच्या घामाला तासाला दहा सेंट लावले की त्याला पहिल्यांदा कळते, बापाच्या कपाशीला कधीच तेवढे सुटत नव्हते. नॅप यांच्या शेतीच्या दहा आज्ञांतली दहावीही हीच: उत्पादनखर्चाचा हिशेब ठेवा, म्हणजे फायदा कशातून येतो ते कळेल.

मूरच्या ९८ डॉलरांतून भाड्याचे ५ वजा करा. मुलाचे दोनशे तास धरले तर २०, खेचराचे शंभर तास धरले तर ५. उरतात ६८. हे तास आमच्या अंदाजाचे आहेत, पण ते दुप्पट केले तरी उरलेला मोठा आकडा खताकडेच बोट दाखवतो. एकराच्या तुकड्यात खत ओतून विक्रम करता येतो. तीच मात्रा चाळीस एकरांवर कोणी करणार नाही. म्हणूनच उत्पादनाला ३० गुण ठेवून नफ्यालाही ३० ठेवले होते.

तरी एक भोक राहिलेच. भाडे सगळ्यांना सरसकट ५ डॉलर. नदीकाठची काळी गाळाची जमीन आणि डोंगरउतारावरची धुपलेली लाल माती, दोन्हींना तेवढेच. वीस वर्षांचा बेवड, आदल्या वर्षी गाडलेली चवळी, शेजारच्या गोठ्याचा पाझर, यातले काहीच वहीत येत नाही. म्हणजे ८-१० सेंटांचा आकडा दिसला की एजंटाने आधी विचारायचे ते मातीबद्दल, मग मुलाच्या हुशारीबद्दल. जाणते एजंट काउंटीतल्या मुलांची तुलना एकाच प्रकारच्या मातीतल्या मुलांशी करत, आणि राज्याच्या यादीकडे फारसे लक्ष देत नसत.

वर्षभराचे काम

नावनोंदणी हिवाळ्यात, शाळेतून. शिक्षक बरोबर नसेल तर यादी कागदावरच राहते. एकर आखला की लगेच नांगरट. दक्षिणेत एका खेचराने तीन-चार इंच खरवडायची रीत होती. एजंटाचा आग्रह शरद ऋतूत आठ ते दहा इंच खोल, दोन खेचरे जोडून. इथे पहिली चूक होते. चार इंचांवरून एकदम दहा इंचांवर गेले की खालची निकस चिकणमाती वर येते आणि पहिल्या वर्षी पीक उलट कमी येते. दरवर्षी एक-दोन इंच वाढवत जायचे. नाहीतर नांगरट हिवाळ्याच्या तोंडावरच उरकायची, म्हणजे वर आलेली ढेकळे थंडीपावसात फुटतात.

बियाणे कोठारातले नाही, शेतातले. उभ्या पिकातून, दाट लागवडीतही दोन कणसे धरलेली मजबूत झाडे निवडायची. मग उगवणचाचणी. प्रत्येक कणसाला क्रमांक, प्रत्येक कणसातून सहा दाणे: दोन बुडाजवळचे, दोन मधले, दोन शेंड्याकडचे. ओल्या फडक्यावर चौकोन आखून क्रमांकाने दाणे ठेवायचे, फडके गुंडाळून उबदार जागी ठेवायचे आणि सहा-सात दिवसांनी उघडायचे. सहांपैकी दोन उगवले नाहीत तर ते कणीस कोंबड्यांना. एका कणसात आठशे-नऊशे दाणे धरा. असे एक मेलेले कणीस वगळले नाही तर शेतात तेवढ्या जागा रिकाम्या राहतात आणि सांधणी करावी लागते. सांधलेली रोपे मागून येतात, सावलीत सापडतात आणि बहुधा वांझ राहतात.

आंतरमशागतीत बाप आणि एजंट हमखास भिडत. मका गुडघ्यावर आला की मुळे दोन ओळींच्या मध्यापर्यंत पोचलेली असतात, पृष्ठभागाखाली दोन-तीन इंचांवर. दक्षिणेत शेवटची पाळी खोल नांगराने घालायची पद्धत होती. वरून शेत स्वच्छ दिसते, आणि आठवड्याने खालची पाने करपू लागतात. दोष पावसाला दिला जातो. मुळे मात्र नांगराने तुटलेली असतात. शेवटच्या पाळीला दीड-दोन इंचांवर जाऊ नये, हे पटवायला एजंट सरळ फावड्याने एक चर खणून मुळे उघडी करून दाखवी.

दुसरी जुनी रीत वैरणीची. कणसात दूध भरत असतानाच हिरवी पाने ओरबाडून, पेंढ्या बांधून खेचरांसाठी वाळवायची. पाने गेली की दाणा भरायचे थांबते, आणि वैरणीच्या किमतीपेक्षा दाण्याचे नुकसान जास्त होते. मुलाने आपल्या एकरात पाने राखली आणि बापाने शेजारी ओरबाडली, की ऑक्टोबरात दोन कणसे शेजारी शेजारी ठेवून भांडण मिटे. वैरण लागतेच, ही बापाची अडचण खरी होती. म्हणून एजंट चवळीचे गवत सुचवी. नुसते 'पाने तोडू नका' सांगणाऱ्याचे कोणी ऐकले नाही.

मोजणी

विक्रम मोजणीत फुगतात, लबाडी नसतानाही. एकर चौरस धरला तर बाजू २०८.७ फूट. ओळी चार फुटांवर असतील तर बावन्न ओळी. टेप पहिल्या ओळीच्या ताटापासून शेवटच्या ओळीच्या ताटापर्यंत धरला तर दोन्ही कडांचे दोन-दोन फूट सुटतात. पिकाने ती जागा खाल्लेली असते, मापात ती नसते. फरक सुमारे दोन टक्के. २२८ बुशेलवर साडेचार बुशेल तिथेच वाढले. नियम सोपा आहे: दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी ओळ धरा. तुकडा रस्त्याच्या किंवा पडीक जमिनीच्या कडेला असेल तर काठच्या ओळींना ऊन आणि ओल जास्त मिळते, त्या वेगळ्या तोलाव्यात.

त्याहून मोठा फुगवटा ओलाव्याचा. ७० पौंड कणसांचा एक बुशेल, असा व्यवहारातला हिशेब. पण तो वाळलेल्या कणसांचा. दाण्यात २५ टक्के ओलावा असताना तोललेले २२८.७५ बुशेल आजच्या १५.५ टक्क्यांच्या मापाने २०३ भरतात. कणसाच्या बुरकुंडात दाण्याहून जास्त पाणी असते, म्हणून ओली कणसे तोलली तर तफावत आणखी वाढते. यावर उपाय म्हणून एजंट पूर्ण रास तोलायचा आणि तिच्यातून शंभर पौंड कणसे काढून सोलून, वाळवून पुन्हा तोलायचा. याला चार आठवडे लागतात. साक्षीदारांच्या सह्या मात्र लोक तोडणीच्या दिवशीच मागतात. वर्तमानपत्रवाला तर आदल्या दिवशी.

दहा कणसांच्या नमुन्याचे २० गुण हा आमच्या मते या योजनेतला सर्वांत कच्चा भाग. सरळ ओळी, भरलेला शेंडा, सारखी लांबी, गोलसर बूड, असे परीक्षकाला डोळ्याने दिसणारे गुण. आयोवात १९०४ मध्ये हेन्री वॉलेस या सोळा वर्षांच्या मुलाने प्रदर्शनातली नामांकित कणसे घेऊन त्यांचे दाणे वेगवेगळे लावले आणि उत्पादन तोलले. सुंदर कणसे उत्पादनात पुढे नव्हती. हाच मुलगा पुढे संकरित मक्याची कंपनी काढून देशाचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला. तरी प्रदर्शनांतून देखण्या कणसांची हौस बरीच वर्षे गेली नाही, कारण टेबलावर मांडायला काहीतरी लागते.

वृत्तांत कोणी लिहिला हे तपासायची युक्ती साधी होती. मुलाला शेतात उभे करून विचारायचे, तिसरी कोळपणी कोणत्या आठवड्यात केली, त्या दिवशी खेचर कोणते जुंपले होते. स्वतः नोंद केलेला मुलगा वही न उघडता सांगतो. मास्तरांनी लिहून दिलेला बापाकडे पाहतो. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेले तास नेहमी गोल आकड्यांत येतात, पाच, दहा, वीस. रोज लिहिलेले अडीच, पावणेचार असे येतात.

कोणाचा एकर?

या आकड्यांतून एक मोठा वर्ग गळाला आहे. दक्षिणेतली बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे अर्धेलीने शेती करत. मालक म्हणेल तिथे कापूस लावायचा, पीक निघाले की अर्धे त्याचे. अशा घरातल्या मुलाला स्वतःचा एकर देणे बापाच्या हातात नव्हतेच, आणि दिला तरी ५ डॉलर भाड्याचा रकाना त्याला लागू नव्हता. त्याचे भाडे अर्धी रास होते. त्याच्यासाठी १६० डॉलरांच्या मक्यात ८० आधीच गेलेले. कॅम्पबेल आणि त्यांच्या हाताखालच्या एजंटांनी म्हणून डुक्कर, कोंबड्या आणि परसबाग यांवर भर दिला, कारण ती झोपडीच्या आवारात बसतात. क्लब, शिबिरे, बक्षिसे सगळे वेगळे, निधी तुटपुंजा. ही वेगळी चूल १९६० च्या दशकापर्यंत चालली.

मुलींसाठी साउथ कॅरोलायनाच्या एकेन काउंटीत मारी क्रोमर या शिक्षिकेने १९१० मध्ये टोमॅटोचे क्लब काढले. तुकडा एक दशांश एकर, म्हणजे चार गुंठे. केटी गंटर या मुलीने त्यातून तीन नंबरच्या मापाचे ५१२ डबे भरले आणि ४० डॉलर नफा दाखवला. प्रति एकर काढला तर हा आकडा कुठल्याही मक्याच्या मुलापेक्षा वरचढ आहे. पिकवून, प्रक्रिया करून, लेबल लावून विकणे इथे पहिल्या दिवसापासून होते. मुलांच्या क्लबांना ते सुचायला वेळ लागला.

एजंट टिकतो तेव्हा

८ मे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने या कामाला कायमचा पाया मिळाला. पैसा तीन खिशांतून: केंद्र, राज्याचे कृषी महाविद्यालय, आणि काउंटी. चार पानांच्या क्लोव्हरवर चार एच, म्हणजे मस्तक, हृदय, हात आणि आरोग्य, हे चिन्ह आणि ४-एच हे नाव या क्लबांना रुळले. तिसरा खिसा दरवर्षी काउंटीच्या सभेत उघडावा लागतो, आणि दुष्काळी साली तो आधी मिटतो. मात्र याच तरतुदीमुळे एजंट एकाच काउंटीत वीस-तीस वर्षे राहू शकतो. पहिली तीन वर्षे त्याच्याकडे दाखवण्यासारखे फारसे काही नसते. दहाव्या वर्षी पहिल्या तुकडीतले लोक स्वतः शेतकरी आणि क्लबचे बिनपगारी नेते झालेले असतात. विसाव्या वर्षी त्यातला एखादा काउंटीच्या सभेत मत द्यायला बसलेला असतो. आपल्याकडे कृषी सहायकाला गावातल्या चांगल्या मुलांची नावे पाठ होईपर्यंत बदलीचा कागद येतो. कामाच्या तळमळीत तो अमेरिकन एजंटाहून कमी नसतो. त्याला दहावे वर्ष मिळत नाही.

मका मागे पडला आणि पशुधन पुढे आले. मांसासाठीच्या गोऱ्ह्याचा प्रकल्प आजही जोरात आहे. शरद ऋतूत ५५० पौंडांचे वासरू घ्यायचे, २७० दिवस खाऊ घालायचे, दिवसाला २.८ पौंड वाढ धरली की १,३०० पौंडांवर जाते. पौंडभर वाढीला सात पौंड खाद्य धरले तर सव्वापाच हजार पौंड खाद्य. यात चुका ठरलेल्या. पहिल्या दोन आठवड्यांत धान्य एकदम वाढवले की पोट आम्लाने बिघडते, जनावर खाणे सोडते, आणि तो गेलेला महिना भरून निघत नाही. धान्य दर तीन-चार दिवसांनी पौंड-दोन पौंडांनीच चढवायचे आणि गवत कधी पूर्ण बंद करायचे नाही. वजनकाटा नसलेला मुलगा डोळ्याने अंदाज करतो आणि प्रदर्शनाला शंभर पौंड कमी किंवा जास्त घेऊन येतो.

अदलाबदल टाळायला नोंदणीच्या दिवशी कानात बिल्ला मारतात आणि बऱ्याच ठिकाणी नाकाचा ठसाही घेतात. दोघांनी दावे धरायचे, नाकपुड्यांमधली ओली जागा फडक्याने कोरडी करायची, शाईची गादी लावून कार्ड खालून वर टेकवायचे. जनावराचे नाक सेकंदा-दोन सेकंदांत पुन्हा दमट होते, त्यामुळे पहिली दोन कार्डे बहुधा फुकट जातात. प्रत्येक नाकावरच्या रेषा वेगळ्या, आपल्या अंगठ्यासारख्या.

एवढी दक्षता का, ते बक्षिसाचा आकडा पाहिला की कळते. २०२२ मध्ये ह्यूस्टनच्या प्रदर्शनातला सर्वोत्तम गोऱ्हा दहा लाख डॉलरला गेला. त्यातली ठरावीक रक्कमच मुलाला मिळते, बाकी शिष्यवृत्तीच्या निधीत जाते. १९९४ मध्ये ओहायो राज्य जत्रेत बक्षीसपात्र जनावरांच्या कातडीखाली तेल टोचल्याचे आणि बंदी असलेले, मांस वाढवणारे क्लेनब्युटेरॉल हे औषध दिल्याचे उघड झाले होते.

काउंटीच्या छोट्या जत्रेत चोरी नसते, पण हिशेब तसाच वाकडा होतो. गावचा बँकवाला आणि ट्रॅक्टरवाला मुलाला प्रोत्साहन म्हणून बाजारभावाच्या दुप्पट बोली लावतात. ती रक्कम वहीत 'विक्री' म्हणून लिहिली की प्रत्येक गोऱ्हा नफ्यात दिसतो आणि खाद्याचा खर्च कोणी वाचत नाही. म्हणून जाणता एजंट वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून घेतो. पहिल्यात त्या दिवसाचा खाटीकखान्याचा दर गुणिले वजन, त्याच्यासमोर वासराची किंमत, खाद्य, औषधे, वाहतूक आणि मुलाचे तास. बोलीची वरची रक्कम दुसऱ्या रकान्यात, देणगी म्हणून. पहिल्या रकान्याची बेरीज बहुतेक मुलांच्या वहीत उणे येते, आणि एजंट त्या मुलाच्या घरी जातो तो त्या पानासाठी: वासरू महाग पडले, की खाद्य, की शेवटचे चाळीस दिवस उगाच ठेवले, हे मुलाबरोबर बसून ओळीओळीने पाहायला.